वॉरंटी संपल्यानंतरची गाडी

विजेवरच्या गाडीबद्दल पुण्या-मुंबईत पहिला प्रश्न असतो, ‘एका चार्जिंगमध्ये किती पळते?’ इस्लामपूर, आष्टा, पेठ या टापूत तो वेगळा असतो. ‘मोटार जळली तर वायंडिंग कुठं करायचं?’ हा प्रश्न अडाणीपणाचा नाही. कृष्णा-वारणेच्या या बागायती पट्ट्यात विजेची मोटार घरोघर ओळखीची आहे. एक फेज गेला किंवा व्होल्टेज पडलं की विहिरीवरची मोटार जळते, ती वर काढायची, गाडीत टाकून रिवाइंडिंगच्या दुकानात न्यायची, आणि ती परत येईपर्यंत ऊस वाळताना बघायचा. ज्यांनी हे दर दोन-चार वर्षांनी सोसलंय, त्यांना बारा-पंधरा लाखांच्या गाडीतही आधी मोटारच दिसणार.

उत्तर सोपं आहे. गाडीतली मोटार सहसा जळत नाही. ती महावितरणच्या तारेला थेट जोडलेलीच नसते. मध्ये बॅटरी असते, बॅटरीपुढे इन्व्हर्टर असतो, आणि तो मोटारीला हवा तेवढाच आणि हवा तसाच करंट देतो. तापली तर जोर कमी करतो, फारच तापली तर बंद करतो. विहिरीवरच्या मोटारीला असा राखणदार कधी मिळाला नाही. गाडीच्या मोटारीत झिजणारी गोष्ट म्हणजे बेअरिंग. इन्व्हर्टरच्या वेगवान स्विचिंगमुळे शाफ्टवर थोडासा व्होल्टेज चढतो, तो बेअरिंगमधून वाट काढतो आणि गोळ्यांच्या मार्गावर बारीक खड्डे पाडतो. मग गुणगुण वाढत जाते. पण हे दुखणं क्वचितचं आणि दुरुस्त होणारं.

मग टिकण्याचा प्रश्न कुठं आहे? ही पुस्तिका त्याच प्रश्नाभोवती लिहिलेली आहे आणि ती गाडी विकत घ्यायला निघालेल्यांपेक्षा गाडी घेऊन चार-पाच वर्षं झालेल्यांच्या जास्त उपयोगाची आहे. माझं मत प्रस्तावनेच्या सुरुवातीलाच सांगून टाकतो: गाडी टिकते. तिच्याभोवतीचं मात्र टिकेलच असं नाही. घरातलं अर्थिंग, बारा व्होल्टची छोटी बॅटरी, सुटे भाग, सॉफ्टवेअर, आणि ती उघडून बघू शकणारा माणूस. इलेक्ट्रिक गाडी म्हातारी होते ती बहुतेक वेळा या बाजूंनी.

याचा पुरावा आपल्या देशातच आहे आणि तो जुना आहे. बंगळुरूत चेतन मैनी यांनी १९९४ मध्ये उभी केलेल्या कंपनीची ‘रेवा’ २००१ मध्ये रस्त्यावर आली. आठ शिशाच्या बॅटऱ्या, ४८ व्होल्ट, दोन मोठी माणसं आणि मागं दोन मुलं. साधी गाडी होती, लंडनमध्येही ‘जी-विझ’ नावानं फिरली. तिची मोटार, तिचा सांगाडा चांगला चालत राहिला, पण काही वर्षांनी बॅटऱ्यांचा संच बदलायची पाळी येई, आणि तो खर्च बघून अनेकांनी गाडी दारात उभी करून ठेवली. २०१० मध्ये महिंद्रानं कंपनी घेतली, २०१३ मध्ये लिथियम बॅटरीची ‘ई-टू-ओ’ आली, आणि काही वर्षांनी तीही बंद झाली. आज रस्त्यावर एखादी रेवा दिसली तर खुशाल समजावं की तिच्या मालकाला कुणीतरी हुशार इलेक्ट्रिशियन भेटलेला आहे.

त्याहून जवळचं उदाहरण फलटणचं. सातारा जिल्ह्यातल्या या गावात निंबकर कृषी संशोधन संस्थेत अनिल राजवंशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात सायकलरिक्षावर काम सुरू केलं आणि त्यातून ‘इलेक्शा’ ही विजेवरची रिक्षा तयार झाली. दिल्लीच्या रस्त्यांवर ई-रिक्षांचे थवे दिसू लागले त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. शेतीच्या संस्थेनं रिक्षा करावी याचं तेव्हा लोकांना नवल वाटलं असेल. मला मोलाचं वाटतं ते हे, की ग्रामीण वापर, कच्चे रस्ते, चालवणाऱ्याची ऐपत हे सगळं धरून वाहन घडवण्याचा विचार या भागात झाला होता. त्या पिढीच्या सगळ्याच विजेच्या वाहनांची कमकुवत बाजू एकच होती: शिशाची बॅटरी जड, आणि तिचं आयुष्य थोडं.

लिथियमनं हे चित्र बदललं, पण लोकांच्या मनातली भीती तीच राहिली. ‘मोबाइलची बॅटरी दोन वर्षांत बसते, गाडीची कशी टिकेल?’ असं अजूनही कुणी विचारलं की मी त्यांना जानेवारी २०२० कडे नेतो. रांजणगावच्या कारखान्यात बनलेली टाटा नेक्सॉन ईव्ही तेव्हा बाजारात आली. बॅटरी ३०.२ किलोवॅट-तासांची, तिच्यावर आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर यातलं जे आधी येईल तेवढी वॉरंटी. त्या पहिल्या गाड्यांची आठ वर्षं २०२८ मध्ये भरतील. भाड्यानं किंवा रोजच्या लांब प्रवासाला लावलेल्या गाड्या किलोमीटरची मर्यादा त्याआधीच ओलांडतात. म्हणजे वॉरंटीबाहेरच्या इलेक्ट्रिक गाड्यांची पहिली मोठी लाट आपल्यावर येते आहे ती आत्ता. म्हणून ही पुस्तिका वेळेवर आली असं मी म्हणतो.

बॅटरी कशी थकते हे लेखकांनी दुसऱ्या प्रकरणात नीट मांडलं आहे, मी फक्त गाभा सांगतो. ती दोन तऱ्हांनी थकते. एक, वापरानं: भरा-रिकामी करा, भरा-रिकामी करा. दोन, नुसत्या काळानं: गाडी उभी असली तरी. दुसऱ्या प्रकाराकडे लोकांचं लक्ष नसतं आणि आपल्या हवेत तोच जास्त महत्त्वाचा. बॅटरी काठोकाठ भरलेली आणि वर उन्हाचा तडाखा, ही जोडी तिला सगळ्यात लवकर म्हातारी करते. पत्र्याच्या शेडमध्ये एप्रिलच्या दुपारी शंभर टक्के चार्ज करून ठेवलेली गाडी कुठंही न जाता झिजत असते. चार दिवस लग्नाला बाहेरगावी जायचं असेल तर गाडी अर्धी भरून सावलीत लावा, यापेक्षा मोठा सल्ला कुठल्याही सर्व्हिस सेंटरमध्ये मिळणार नाही.

उष्णतेचा धडा जगानं एकदा घेतला आहे. निसानची ‘लीफ’ २०१० च्या डिसेंबरमध्ये आली. तिच्या बॅटरीला पाण्यानं थंड ठेवायची सोय नव्हती. २०१२ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या वाळवंटी भागात मालकांच्या लक्षात आलं की क्षमतेचे पट्टे भराभर कमी होताहेत. प्रकरण कोर्टात गेलं, कंपनीला क्षमतेचीही वॉरंटी द्यावी लागली. त्यानंतर बहुतेक उत्पादकांनी बॅटरीभोवती कूलंट फिरवायला सुरुवात केली. आज सरासरी काय दिसतं? जगभरातल्या हजारो गाड्यांची माहिती गोळा करणाऱ्या जिओटॅब या कंपनीच्या २०२४ च्या पाहणीत क्षमतेतली घट वर्षाला सरासरी १.८ टक्के निघाली. या हिशेबानं दहा वर्षांनी ८० टक्क्यांच्या वर क्षमता शिल्लक राहते. पण सरासरी म्हणजे तुमची गाडी नव्हे, आणि ॲरिझोनाला लागलं ते सरासरीत कधी दिसलं नसतं.

बॅटरी पॅकमध्ये एक बॅटरी नसते, शेकडो सेल एका माळेत जोडलेले असतात. इथं मला उसाच्या बैलगाडीची आठवण होते. एक बैल कितीही ताकदीचा असो, गाडी चालते ती दमलेल्या बैलाच्या चालीनं. पॅकमधला एक सेल अशक्त झाला की भरताना तो आधी भरतो आणि सगळ्यांचं चार्जिंग थांबवतो, वापरताना तोच आधी रिकामा होतो आणि बाकीच्यांत वीज शिल्लक असूनही गाडी थांबते. मालकाला वाटतं बॅटरी गेली. गेलेली असते एखादी कडी, आणि लाखो रुपयांचा अख्खा पॅक बदलायचा की एक मॉड्यूल, हा सगळा सवाल तिथं येऊन अडतो.

आपल्याकडच्या अनेक परवडणाऱ्या गाड्यांत लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे एलएफपी रसायन वापरतात. ते दणकट आहे, तापलं तरी सहज पेट घेत नाही, भरा-रिकामीच्या फेऱ्या जास्त सोसतं. त्याची एक खोड मात्र आहे. त्याचा व्होल्टेज मधल्या मोठ्या पल्ल्यात जवळजवळ सपाट राहतो, त्यामुळे आत नेमकं किती उरलंय हे गाडीच्या संगणकालाही चटकन कळत नाही. अधूनमधून पूर्ण चार्ज केलं नाही तर त्याचा अंदाज चुकत जातो, आणि डॅशबोर्डवर १५ टक्के दिसत असताना गाडी एकदम मान टाकते. ‘शंभर टक्के कधीच करू नका’ हा सल्ला डोळे झाकून पाळणाऱ्या एलएफपी गाड्यांच्या मालकांनी हे वाचावं. कंपनीनं ठरवून दिलेल्या अंतरानं पूर्ण भरा, फक्त भरल्यावर उन्हात ठेवू नका.

प्रत्यक्षात गाडी रस्त्यावर बंद पडते तेव्हा मोठी बॅटरी बहुधा निर्दोष असते. दोषी असते बारा व्होल्टची छोटी बॅटरी, तीच जी पेट्रोल गाडीत असते. मोठ्या बॅटरीला गाडीशी जोडणारे कॉन्टॅक्टर ती छोटी बॅटरीच ओढते, ती बसली की मोठीत कितीही वीज असो, दारसुद्धा उघडत नाही. आणि पेट्रोल गाडीत ती मरायच्या आधी स्टार्टर कुथतो, आपल्याला कळतं, इथं तसा इशारा मिळत नाही. ह्युंदाईच्या आयोनिक ५ मध्ये या छोट्या बॅटरीला चार्ज करणाऱ्या भागातच दोष निघाला आणि २०२४ मध्ये भारतासह अनेक देशांतल्या गाड्या दुरुस्तीला परत बोलावल्या गेल्या. तीन-चार वर्षांनी ही काही हजारांची बॅटरी न विचारता बदलून टाकावी. पुस्तिकेत हे वाक्य ठळक अक्षरांत छापायला हवं होतं, असं माझं लेखकांना सांगणं आहे.

आता या भागाचं म्हणून जे आहे त्याकडे येतो. शहरातल्या पुस्तकांत ते सापडत नाही.

पहिलं अर्थिंग. पंधरा अँपियरच्या सॉकेटवर चालणारा चार्जर आधी अर्थिंग तपासतो, ते नीट नसेल तर लाल दिवा लावून बसतो. मालक कंपनीला फोन करतो, कंपनी चार्जर बदलते, नवा चार्जरही लाल दिवा लावतो. दोष भिंतीमागं असतो. जुन्या वाड्यांत अर्थिंगची तार कुठल्यातरी नळाला बांधलेली, मळ्यातल्या वस्तीवर ती नसतेच, आणि जिथं खड्डा केलाय तिथं मे महिन्यात तो ठणठणीत वाळलेला. चांगल्या इलेक्ट्रिशियनकडून खड्डा करून घ्या, मोजून घ्या, उन्हाळ्यात त्यात पाणी सोडा. काही जण न्यूट्रल आणि अर्थ एकत्र जोडून चार्जरला फसवतात. तसं करू नका, न्यूट्रल तुटली तर गाडीच्या पत्र्यात वीज उतरेल.

दुसरं कनेक्शन. तीस युनिटची बॅटरी घरच्या सॉकेटवर भरायला नऊ-दहा तास लागतात आणि तेवढा वेळ तीन किलोवॅटचा भार सलग ओढला जातो. गीझर, इस्त्री असा सलग कधी चालत नाही. त्यामुळे सॉकेट ढिलं असेल, वायर बारीक असेल तर ते आधी काळं पडतं, मग वितळतं. मंजूर भार वाढवून घ्या, सॉकेट औद्योगिक प्रकारचं बसवा. आणि शेतीपंपाच्या कनेक्शनवर गाडी लावण्याचा मोह टाळा. वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली तो अनधिकृत वापर ठरतो, शिवाय त्या फीडरवरचे व्होल्टेजचे हेलकावे गाडीतल्या ऑनबोर्ड चार्जरला मानवत नाहीत. विहिरीवर मोटार जळते, इथं हा चार्जर जळतो, आणि त्याचं रिवाइंडिंग होत नाही.

तिसरं, उंदीर. हसू नका. ऊस तुटला की रानातले उंदीर वस्तीकडे सरकतात आणि उभ्या गाडीचं बॉनेट त्यांना घर वाटतं. पेट्रोल गाडीत ते वायर कुरतडतात तेव्हा गावातला ऑटो इलेक्ट्रिशियन तासाभरात जोड देतो. इलेक्ट्रिक गाडीतली नारिंगी केबल तीनशेहून अधिक व्होल्टची असते. तिला जोड द्यायचा नसतो, ती अख्खी बदलायची असते. नारिंगी रंग दिसला की हात मागं, हे घरातल्या पोरांनाही शिकवून ठेवावं.

आणि पूर. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली, धोक्याची पातळी तिथं ४५ फुटांची आहे. २०२१ मध्ये पुन्हा तेच. वाळव्याच्या नदीकाठच्या गावांना हे नवीन सांगायची गरज नाही. बॅटरी पॅकवर आयपी-६७ लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ एक मीटर पाण्यात अर्धा तास. कृष्णेचं पाणी अर्ध्या तासात ओसरत नाही. बुडालेली गाडी वाळली म्हणून चालू करू नका, चार्जिंगला तर अजिबात लावू नका. गाळ कनेक्टरमध्ये बसतो, गंज महिन्या-दोन महिन्यांनी बोलतो. पुराच्या इशाऱ्यावर जनावरं वर नेतो तशी गाडीही आधीच वर न्यावी, आणि विम्यात बॅटरीला पुराचं संरक्षण आहे का हे पावसाळ्याआधी वाचावं.

रस्त्यांबद्दल थोडक्यात. गाडी तिच्या पेट्रोलच्या भावंडापेक्षा जड असते आणि पहिल्या क्षणाला पूर्ण जोर लावते, म्हणून टायर लवकर जातात, बुश लवकर खडखडतात. सातारा-कागल सहापदरीकरणाचे वळसे आणि पेठ-सांगली रस्त्याचा इतिहास ज्याला माहीत आहे त्याला बाकी काय सांगायचं. गावोगावचे बेढब गतिरोधक पॅकच्या तळाला घासतात, म्हणून दर सर्व्हिसला गाडी वर उचलून तळ बघायला लावा. ब्रेकचं उलटं आहे: मोटारच गाडी थांबवत असल्यानं पॅड झिजत नाहीत, पण न वापरल्यानं डिस्क गंजतात आणि कॅलिपर अडकतो. आठवड्यातून एकदा जोरात ब्रेक मारावा.

इतकं सगळं सांभाळलं, तरी मूळ प्रश्न उरतोच. उघडणार कोण? कृष्णेच्या पलीकडे किर्लोस्करवाडी आहे. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी माळावर कारखाना काढला, लोखंडी नांगर केले, आणि लोखंडानं जमीन नासते या समजुतीमुळे ते सुरुवातीला विकले जाईनात. नंतर याच भागातल्या लोकांनी नांगर, पंप, ऑइल इंजिन, ट्रॅक्टर असं एकेक यंत्र आपलंसं केलं. ते जाहिरातीनं झालं नाही. यंत्र बिघडल्यावर ते खोलून पुन्हा उभं करणारा माणूस पंचक्रोशीत तयार झाला, तेव्हा झालं. विजेच्या गाडीबाबत तो माणूस अजून तयार व्हायचा आहे. आज गाडीत दोष आला की कोड वाचायचं यंत्र अधिकृत केंद्राकडेच, पॅक उघडायची परवानगी त्यांच्याकडेच, आणि बऱ्याचदा उत्तर एकच: पूर्ण भाग बदला.

याला सुरक्षिततेचं खरं कारण आहे, हे मान्य. तीन-चारशे व्होल्टच्या डीसी करंटपुढे पान्हा घेऊन प्रयोग करता येत नाहीत. हजार व्होल्टचे हातमोजे, सर्व्हिस प्लग काढून काही मिनिटं थांबणं, मग मीटर लावून शून्य बघणं, ही शिस्त शिकावी लागते. पण ती शिकता येते. आयटीआयमध्ये ‘मेकॅनिक इलेक्ट्रिक व्हेइकल’ हा अभ्यासक्रम आहे. इस्लामपूरला लागून साखराळ्याजवळ राजारामनगरला १९८३ पासून राजारामबापू इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी उभी आहे. रिवाइंडिंगच्या दुकानातली चुणचुणीत पोरं आणि तिथली प्रयोगशाळा यांच्यात अंतर काही किलोमीटरचं आहे, ते कमी झालं पाहिजे. केंद्र सरकारनं डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं, त्यात मोटारगाड्यांचं क्षेत्रही आहे. पण पोर्टलवर माहितीपुस्तिका टाकणं वेगळं आणि पेठ नाक्यावरच्या गॅरेजला सुटं मॉड्यूल विकणं वेगळं. युरोपनं फेब्रुवारी २०२७ पासून मोठ्या बॅटऱ्यांना डिजिटल पासपोर्ट सक्तीचा ठरवला आहे, त्यात बॅटरीची सगळी कुंडली नोंदली जाईल. आपल्याला ते हवं आहे, आणि लवकर हवं आहे.

कुणी म्हणेल, मग पेट्रोल काय वाईट? या भागात हा प्रश्न जरा गमतीचा होतो. पेट्रोलमध्ये २० टक्के मिसळलं जाणारं इथेनॉल काही प्रमाणात ज्या उसातून येतं तो ऊस इथलाच, आणि त्या मिश्रणानं जुन्या गाड्यांचं मायलेज आणि रबरी भाग यांचं काय होतं याची तक्रारही इथल्याच गॅरेजात ऐकू येते. त्याच कारखान्यांची बगॅसवर तयार होणारी सहवीज ग्रीडमध्ये जाते. म्हणजे गाडी कुठलीही घ्या, ती थोडीशी उसावरच चालणार. देखभालीचा खर्च मात्र इलेक्ट्रिकचा निर्विवाद कमी: तेल नाही, क्लच नाही, सायलेन्सर नाही. फक्त तो कमी खर्च सलग नसतो. सात वर्षं काही नाही आणि आठव्या वर्षी एकदम मोठं बिल, अशी त्याची चाल आहे. पेट्रोल गाडीवर दरवर्षी जे गेलं असतं त्यातला काही भाग बाजूला टाकत राहा, असं लेखक सांगतात. शेतकऱ्याला हे पटेल, त्याचं उत्पन्नही असंच एकदम येतं आणि खर्चही.

जुनी इलेक्ट्रिक गाडी घ्यायला निघालेल्यांनी पुस्तिका उलटीकडून वाचावी, शेवटचं प्रकरण आधी. अनेक कंपन्यांनी आता ‘आजीवन’ बॅटरी वॉरंटी जाहीर केली आहे, पण ती बहुधा पहिल्या खासगी मालकापुरती असते, आणि गाडी हातबदल झाली की अटी बदलतात. व्यवहाराआधी चार गोष्टी मागा: बॅटरीच्या आरोग्याचा कंपनीचा लेखी अहवाल, सेलमधल्या व्होल्टेजच्या फरकाची नोंद, सर्व्हिसचा इतिहास आणि तळाचे फोटो. मग गाडी पूर्ण भरून पेठ नाक्यावरून कराडला जाऊन या, आणि किती टक्के गेले ते स्वतः लिहून ठेवा. विकणारा यातल्या एकालाही आढेवेढे घेत असेल, तर चहा प्यावा आणि घरी यावं.